पाठमोरी

१

दर गुरुवारी सकाळी आमच्या दवाखान्यात डोळ्यांचे म्हातारे येत. हे नाव मीच पाडलेलं. तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी आमच्या बेटावर एकवीस जणांचे मोतीबिंदू काढून आत नव्या काचा बसवल्या. तेव्हापासून ही मंडळी आठवड्यातून एकदा येऊन ओसरीवर बसायची. तपासण्यासारखं फारसं काही नसायचं. एकमेकांची टर उडवायची, मी केलेला गोडमिट्ट चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं.

ओसरीवर दोन जड बाकं आहेत, दोन्ही आतल्या समुद्राकडे तोंड करून. आमचं बेट म्हणजे एक अरुंद पट्टी. एका बाजूला बाहेरचा समुद्र, लाटांचा. दुसऱ्या बाजूला आतला, उथळ आणि गप्प. दहा वाजले की तो पत्र्यासारखा चमकायला लागतो आणि खालची पांढरी वाळूही चमकते. सावली म्हणाल तर नारळाची, तीही फाटकी.

त्या गुरुवारी मी चहा घेऊन बाहेर आले, तर बाकं फिरवलेली होती. सात म्हातारे भिंतीला नाक लावून ओळीनं बसले होते.

"हे काय?" मी म्हटलं. "मास्तरांनी शिक्षा केली की काय तुम्हाला?"

"ऊन लागतं डोळ्यांना," कुणीतरी म्हणालं.

"मग टोपी घाला."

"टोपी डोळ्याच्या आत घालता आली असती तर घातली असती, अकेनेते," बरानिकोकाका म्हणाले. ते आमच्याकडचे सगळ्यात चांगले होड्या बांधणारे. वय चौऱ्याहत्तर, हात अजून दगडासारखे. "बाहेर बघितलं की नारळाचं दूध सांडल्यासारखं होतं. सगळं पांढरं. आता तुझं तोंडही दिसत नाही, नुसता ढग दिसतो. तसं बरंच आहे म्हणा."

सगळे हसले. मीही हसले.

"आणि वर ती बाई," काका म्हणाले.

"कोण बाई?"

"धक्क्यावर बसलेली."

मी वळून पाहिलं. धक्का रिकामा होता. बोट यायला अजून चार दिवस होते, तिथे बसून कोण काय करणार? मी तसं म्हणाले आणि मग माझ्या लक्षात आलं की बाकी सहा जणांपैकी एकानंही 'कोण बाई' असं विचारलं नव्हतं. सगळे खाली माना घालून चहा पीत होते.

२

रुता मावशी त्या दिवशी आली नव्हती. मी चालायला लागायच्या आत आईनं मला तिच्या ओटीत घातलं. त्यामुळे आई म्हणजे माझ्यासाठी तीच. ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि खदखदून हसली. "अगं बाई, तू म्हातारी कधी झालीस?"

आमच्याकडची घरं म्हणजे खांबांवरचं मचाण आणि वर शाकारणी, चारी बाजूंनी मोकळी. मी गेले तर मावशीनं चारही बाजूंना चटया लटकावलेल्या. आत अंधार, दमट उकाडा, आणि ती चाचपत केवड्याच्या पात्यांची चटई विणत होती.

"मावशी, तुला धक्क्यावर कुणी बाई दिसते का गं?"

तिचे हात थांबले. "बरानिको बोलला वाटतं."

"तुला दिसते का, ते सांग."

"उन्हात बघितलं की दिसते. आधी सगळं पांढरं होतं, मग त्या पांढऱ्यात ती असते. उकिडवी बसलेली. उजवं कोपर हलत असतं. मासा खवलताना हलतं ना, तसं. पण मासा नाही. बारीक काम आहे काहीतरी. नखानं काही खरवडून काढत असावी."

मी तिच्या जवळ सरकले. "चेहरा कसा आहे?"

"पाठमोरी आहे ती," मावशी म्हणाली आणि भराभर विणायला लागली.

मी नर्स आहे. काच गढूळ झाली की उजेड सरळ आत जात नाही, पसरतो, हे मला ठाऊक होतं. पसरलेल्या उजेडात माणसाला काहीही दिसतं. शिवाय आमच्या बेटावर एकानं सकाळी पाहिलेलं दुपारपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आणि घरी येऊन आडवी झाले.

तेवढ्यात आवाज आला. कर्र. कर्र. थांबून पुन्हा कर्र. मचाणाखाली खेकडा असेल म्हणून मी वाकून पाहिलं. नव्हता. पुन्हा पडले, पुन्हा आवाज. मग दिसलं, माझ्याच उजव्या हाताचा अंगठा चटईच्या काठावर घासत होता. मला हसू आलं. मी डाव्या हातानं तो घट्ट धरून ठेवला.

त्यानंतरही थोडा वेळ आवाज येत राहिला.

३

आता त्या दिवसाचं सांगते. तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांचं विमान लहान, सामान जास्त. म्हणून काचांचं खोकं दोन दिवस आधी बोटीनं आलं. ते धक्क्यावरून उचलून थंड खोलीत ठेवायचं काम माझं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, उन्हापासून दूर ठेवा. त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाचा नाच होता आणि आमच्या बायकांचा गट पहिला उभा राहणार होता. नाचून लगेच जाऊ, असं मी ठरवलं. नाच झाला, मग जेवणं झाली, मग बक्षीस. मी धक्क्यावर पोचले तेव्हा चार वाजत आले होते. खोकं सकाळी नऊपासून उघड्या सिमेंटवर पडलेलं. हात लावला तर चटका बसला.

खोक्याच्या कडेला एक कागदी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर गोल ठिपका. खोकं तापलं की ठिपका काळा होतो. तो पार करपला होता.

दोन दिवसांनी एकवीस माणसं उपाशीपोटी रांगेत बसणार होती. डॉक्टरांनी ठिपका पाहिला असता तर सगळं रद्द झालं असतं आणि पुन्हा ते कधी आले असते कोण जाणे. मी हे त्यांच्यासाठी करते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. मला माझ्या नावाचा अहवाल जायला नको होता, एवढंच.

मी गावाकडे पाठ करून उकिडवी बसले आणि अंगठ्याच्या नखानं ती पट्टी खरवडली. ती सहज निघेना. गोंदाचं पांढरं उरलं, त्याला थुंकी लावून पुन्हा खरवडलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. हे मी दहादा वळून पाहिलं होतं.

खोक्यात तीस काचा होत्या. आमच्याकडे एकवीस लागल्या. उरलेल्या नऊ पुढच्या बेटावर गेल्या.

४

डॉ. लोसालिनी मूळच्या फिजीच्या. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनं त्यांनीच केलेली. अंगानं दांडग्या, आवाज मोठा, म्हाताऱ्यांना पोरासारखं दटावणाऱ्या. तक्रारी फार झाल्या म्हणून त्या लेझरचं यंत्र घेऊन तीन दिवसांसाठी आल्या. पहिला पूर्ण दिवस त्यांनी एकेकाचा डोळा तपासण्यात घालवला. संध्याकाळी मला आत बोलावलं. "इकडे ये. बघ तुझ्या मावशीचा डोळा."

मी यंत्राला डोळा लावला. मावशीची बाहुली मोठी, काळी, आणि तिच्या आत घासलेल्या बाटलीच्या तुकड्यासारखं काहीतरी पांढुरकं. मी पटकन मागे झाले. मला वाटलं, जास्त वेळ बघितलं तर आत पाठमोरं कुणी दिसेल.

"काचेमागचा पडदा गढूळ होतो कधी कधी," डॉक्टर म्हणाल्या. "मग लेझरनं त्याला भोक पाडायचं. पाच मिनिटांचं काम. पण मला शंका आहे की गढूळ झालीय ती काचच. तसं असेल तर लेझर मारून उपयोग नाही, उलट नुकसान. पडदा फाटला की पुढे काच बदलणं अवघड होऊन बसतं. आता सगळ्यांच्याच काचा बिघडायच्या तर खोक्यालाच काहीतरी झालं असलं पाहिजे." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या ताब्यात होतं ना ते? कुठे उन्हात राहिलं होतं का?"

बाहेर ओसरीवर म्हातारे एकदम गप्प झाले. किंवा मला तसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "सरळ थंड खोलीत ठेवलं."

"नक्की?"

"नक्की."

"मग पडदाच असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांना हायसं वाटल्याचं मला दिसलं. "उद्या पाच जणांना लेझर देऊन बघू. पहिलं कोण?"

माझ्या खोट्यावर कुणाला संशय येऊ नये म्हणून मी माझ्याच माणसाला पुढे केलं. रुता मावशीला.

५

लेझरनं कुणालाही फरक पडला नाही. डॉक्टर परत गेल्या. जाताना म्हणाल्या, वय झालंय, डोळे कोरडे पडतात, थेंब घालत जा.

त्यानंतर म्हातारे गुरुवारी यायचे कमी झाले. दिवसभर मानेआबात बसायचे. मानेआबा म्हणजे गावाची बैठकीची जागा. छप्पर इतकं खाली उतरलेलं की वाकूनच आत शिरावं लागतं. आत गार काळोख आणि कडेनं चारी बाजूंना उन्हाची पांढरी फीत. ते सगळे मधल्या खांबांजवळ कोंडाळं करून, त्या फितीकडे पाठ करून बसत.

बरानिकोकाका मात्र ऐकेनात. होडी अर्धवट पडली होती, ती पुरी करायचीच होती. दुपारी एकच्या सुमाराला त्यांची सून धापा टाकत मला बोलवायला आली. मी पोचले तेव्हा ते होडीच्या ढलप्यांत बसले होते, डाव्या हाताला लुंगी गुंडाळलेली, ती लालभडक. लाकूड तासायच्या वाकसानं दोन बोटं उडवली होती.

मी टाके घालत होते.  काका हळूच म्हणाले, "ती थांबली गं."

"कोण?"

"ती बाई. कोपर हलायचं थांबलं. इतके महिने एकदाही थांबलं नव्हतं. मग तिची मान फिरायला लागली. मला वाटलं, आता तोंड दिसेल. मी तिकडे बघत राहिलो, आणि हात खाली आला."

"दिसलं?" मी टाका अर्धवट ठेवून विचारलं.

"अर्धा गाल दिसला." त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांच्या उजव्या डोळ्यात उजेड पडून तो दुधाळ चमकला. "ओळखीची वाटली. आपल्याच गावातली कुणीतरी. पुढच्या वेळी ओळखेन."

६

दुसऱ्या दिवशी मी मानेआबात म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजत होते. ऊन डोक्यावर आलेलं. काम करता करता मान अवघडली म्हणून मी वर पाहिलं. छपराच्या कडेखालून धक्का दिसत होता, म्हणजे धक्क्याच्या जागचा पांढरा रखरखाट दिसत होता.

त्यात ती बसली होती.

माझे डोळे चांगले आहेत. काच नाही, मोतीबिंदू नाही. मी डोळे मिटले, उघडले. उकिडवी बसलेली बाई, नाचाला नेसतो ती गवताची झालर कमरेला, वाळल्या फुलांचा गजरा डोक्याला. नाचाच्या दिवशी मी कपडे न बदलताच धक्क्यावर गेले होते. हे मी विसरले होते. कुणाला सांगितलेलंही नव्हतं.

कोपर हलत होतं.

मी उठले आणि वाकून बाहेर पडले. कुणीतरी विचारलं, "कुठे निघालीस?" मी उत्तर दिलं नाही. वाळूवरून चालताना डोळ्यांत पाणी येत होतं. मी जवळ जात होते तसा तो पांढरा रंग विरत गेला आणि पायांखाली सिमेंट आलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. एक दोरखंड, दोन रिकामी पिंपं आणि तापलेल्या सिमेंटचा वास.

मला हायसं वाटलं. ऊन, भूक, जागरणं. काल एवढं रक्त पाहिलं होतं. मनाला एवढं पुरे होतं.

मग माझ्या पाठीमागून, अगदी टाचांपाशी, आवाज आला. कर्र. कर्र. आणि थांबला.

कोपर थांबलं की पुढे काय होतं, हे काकांनी मला सांगितलं होतं. मी वळले नाही. समोर समुद्राकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "सांगते. आत्ता जाऊन सांगते." आणि मग मागे न बघता, धक्क्याच्या कडेनं पाण्यात उतरून, गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्याला लागले.

७

आधी दवाखान्यातून डॉ. लोसालिनींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "लेझर मारायच्या आधी मी तुला विचारलं होतं ना?"

"हो."

"दोनदा विचारलं होतं."

"हो."

त्यांनी फोन ठेवला.

मग मानेआबात जाऊन मी सगळ्यांसमोर मधोमध बसले आणि सांगितलं. नाच, खोकं, ठिपका, नख, सगळं. आमच्याकडे अशा वेळी कुणी ओरडत नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी बरानिकोकाकांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाले, "परवा सांगितलं असतंस तरी चाललं असतं, अकेनेते." त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

पुढच्या बेटावर गेलेल्या नऊ काचांपैकी सात तोवर माणसांच्या डोळ्यांत बसल्या होत्या. उन्हानंच त्या बिघडल्या की मुळातच सदोष होत्या, हे डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता आलं नाही. पण काचा बदलायच्या हे ठरलं. ज्यांना लेझर दिलं नव्हतं त्यांना वर्षभरात तीन तुकड्यांनी तारावाला, म्हणजे आमच्या राजधानीच्या बेटावर, नेलं. बहुतेकांना चांगलं दिसायला लागलं. काकांनाही. ते आता किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांना होडी कशी बांधायची ते सांगतात. माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. ज्यांच्या काचा बदलल्या त्यांना बाई दिसायची थांबली, असं त्यांच्या घरचे म्हणतात. मी कुणाला विचारायला गेले नाही.

लेझर दिलेल्या पाचांना डॉक्टरांनी हात लावला नाही. आहे तेवढंही जायचं, म्हणाल्या. त्या पाचांत मावशी.

मी आता तिच्याकडेच राहते. काल दुपारी आम्ही मचाणावर जेवायला बसलो होतो. चटया तिनंच वर गुंडाळायला लावल्या, वारा हवा म्हणाली. भात होता, भाजलेला मासा होता. मी काटे काढून तिच्या ताटात घालत होते.

"मावशी," मी म्हटलं, "त्या बाईचा चेहरा दिसला का गं कधी तुला?"

"पहिल्याच दिवशी."

माझा हात थांबला. "तू म्हणालीस, पाठमोरी आहे."

"मग काय म्हणायला हवं होतं? लहानपणी काही लपवायचं असलं की तू अशीच बसायचीस. पाठीवरूनच ओळखलं. तोंड नंतर दिसलं." ती घास चावत राहिली. "वाटलं, येईल ही सांगायला. आज येईल, उद्या येईल. लेझरच्या दिवशी माझा हात धरून आत नेलंस, तेव्हाही वाटलं, आता सांगेल."

मला रडू आलं नाही. रडण्याचा माझा हक्क नव्हता. मी फक्त विचारलं, "आता आहे ती?"

मावशीनं माझ्या खांद्यावरून उन्हाकडे पाहिलं. डोळे किलकिले केले. बराच वेळ बघत होती.

"आहे की. आता खरवडत नाही. उभी आहे खाली, मचाणाला हात लावून." मग तिनं आपलं ताट जरा जवळ ओढलं. "बोलाव तिला वर. किती वर्षं उन्हात उभं राहायचं बाईनं? सरक तू जरा."

मला मागे बघण्याचा धीर झाला नाही. पण मी सरकले. माझ्या शेजारी हातभर जागा झाली, आणि थोड्या वेळानं तिथली चटई हलकेच दबली.